चागोस "परत" मिळालं म्हणे. पण कोणाला?

खाजण (धागाकर्ता)

मॉरिशसचे पंतप्रधान नवीनचंद्र रामगुलाम सप्टेंबर २०२५ मध्ये वाराणशीला येऊन गेले, मोदींनी चागोसच्या कराराबद्दल त्यांचं अभिनंदन केलं, आणि तेव्हापासून आमच्या दोन-तीन ग्रुपांवर "इंग्रजांना हिंदी महासागरातून हाकललं" असे मेसेज फिरतायत. मलाही आनंद व्हायला हवा होता पण होत नाहीये, म्हणून हा धागा.

ज्यांना हे प्रकरणच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी भूगोल. नकाशात मुंबईवर बोट ठेवा आणि सरळ खाली न्या. लक्षद्वीप लागेल, मालदीव लागेल, विषुववृत्त ओलांडलं की पाच-सात अंशांवर चागोस. रेखांश जवळपास तोच, बोट फारसं इकडेतिकडे सरकवावं लागत नाही. साठेक बेटं, सगळ्यांची मिळून जमीन जेमतेम साठ चौरस किलोमीटर, त्यातली निम्म्याच्या आसपास एकट्या दिएगो गार्सियाची, आणि तेवढ्याशा जमिनीभोवती हजारो चौरस किलोमीटर उथळ प्रवाळ. ग्रेट चागोस बँक नावाचं जे प्रवाळाचं कंकण (ॲटॉल) आहे ते क्षेत्रफळाने जगातलं सगळ्यात मोठं धरतात पण ते जवळजवळ सगळं पाण्याखाली. आणि भूगर्भशास्त्राने बघितलं तर ही बेटं सह्याद्रीची लांबची भावंडं आहेत. ज्या तप्त ठिकाणावरून जाताना साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपला दख्खनचा बेसाल्ट ओतला गेला, तेच ठिकाण पुढे भारताचा भूपट्ट उत्तरेला सरकत गेला तसं लक्षद्वीप, मालदीव, चागोस यांचा पाया घालत गेलं आणि आज रियुनियन बेटाखाली धगधगतंय.

इतिहास असा की तिथे मूळचं कोणी नव्हतं. पोर्तुगीजांनी नावं दिली, फ्रेंचांनी अठराव्या शतकाच्या शेवटी मोझांबिक-मादागास्करकडून गुलाम आणून नारळाच्या बागा लावल्या, १८१४ च्या पॅरिस तहात मॉरिशससकट हे सगळं इंग्रजांकडे आलं, गुलामी संपल्यावर काही हिंदुस्थानी मजूरही गेले. पाच-सहा पिढ्यांत तिथे एक स्वतःचा समाज तयार झाला, स्वतःची क्रेओल बोली, स्वतःची गाणी, खोबरं काढायचं आणि मासे मारायचे.

मग १९६५. मॉरिशसला स्वातंत्र्य द्यायच्या तीन वर्षं आधी ब्रिटनने चागोस तोडून वेगळी वसाहत केली, मॉरिशसला तीस लाख पौंड दिले, दिएगो गार्सिया बेट अमेरिकेला लष्करी तळासाठी दिलं आणि १९६८ ते ७३ मध्ये दीड ते दोन हजार माणसं उचलून मॉरिशस आणि सेशेल्सला नेऊन टाकली. अमेरिकेने ब्रिटनला पैसे उघड दिले नाहीत, ब्रिटनला विकलेल्या पोलारिस क्षेपणास्त्रांच्या हिशोबात एक कोटी चाळीस लाख डॉलर वळते केले, म्हणजे संसदेत कोणी विचारायला नको.

२२ मे २०२५ ला करारावर सही झाली. त्यात ठरलं ते असं, सार्वभौमत्व मॉरिशसचं, दिएगो गार्सिया ९९ वर्षं ब्रिटनच्या (म्हणजे अमेरिकेच्या) वापरात, त्याबद्दल ब्रिटन मॉरिशसला सरासरी १० कोटी १० लाख पौंड दरवर्षी देणार. माझं म्हणणं एवढंच. बेट ज्यांच्याकडून घेतलं त्यांना ते मिळालेलं नाही. एका सरकारकडून दुसऱ्या सरकारकडे कागद गेला, भाडेकरू तोच राहिला, भाडं नव्या मालकाला. ज्यांची घरं होती ते टेबलावर कुठेच नव्हते.

---

डेकवरून

खाजण, लेख चांगला आहे पण फार हळवा आहे. मी पंचवीसेक वर्षं मर्चंट नेव्हीत काढली, त्या पाण्यातून गेलोय. तुम्ही ज्याला "भाडेकरू" म्हणताय त्याच्याकडे हिंदी महासागरातली सगळ्यात महत्त्वाची धावपट्टी आहे. १९९१ चं आखात, २००१ चं अफगाणिस्तान, २००३ चं इराक, सगळ्यात तिथून बॉम्बर उडाले. २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये बी-टू बॉम्बर विमानं तिथे उभी होती ते उपग्रहाच्या फोटोत सगळ्या जगाने बघितलं. असा तळ कुठलाही देश दीड हजार माणसांच्या भावनांसाठी सोडत नाही, हे कटू आहे पण असंच आहे.

दुसरं. मॉरिशसचा हक्क कसला? पोर्ट लुईपासून दिएगो गार्सिया दोन हजार किलोमीटरच्या वर आहे. मालदीवच्या दक्षिण टोकापासून चागोस पाचशेएक किलोमीटर, कन्याकुमारीपासून दिएगो गार्सिया अठराशे. अंतरावर जायचं तर मालदीवचा पहिला नंबर लागतो आणि मॉरिशसच्या आधी आपला. इंग्रजांनी कारभाराच्या सोयीसाठी एका फायलीत टाकलं म्हणून ते मॉरिशसचं झालं का?

आणि भारताच्या बाजूने बघा हो जरा. सत्तरच्या दशकात इंदिराबाई त्या तळाच्या नावाने बोटं मोडत होत्या, "शांतता क्षेत्र" हवं होतं त्यांना. आज चीनची जहाजं सगळीकडे फिरत असताना तोच तळ तिथे आहे म्हणून आपल्या लोकांना बरं वाटतं, फक्त बोलून दाखवत नाहीत. करारात तळ शाबूत राहिला, मॉरिशस खूश, आपण दोघांचे मित्र. याहून चांगलं काय होणार होतं?

---

नाना फडतूस

अंतरावर हक्क ठरत असेल तर कच्चतीवूवर पण होऊन जाऊ दे एक धागा 😀

---

खाजण

नाना, कच्चतीवू नको, तो श्रीलंकेशी झालेल्या १९७४ च्या कराराचा वेगळा विषय आहे आणि तिथे कोणाला घरातून उठवलेलं नाही. इथेच राहू.

---

मोकाकर

नमस्कार मंडळी. मी मॉरिशसचा. आमचे पूर्वज रत्नागिरीकडून मुंबई बंदरातून गेले, उसाच्या मळ्यात. मराठी शाळेत शिकलो, अजून वाचतो, लिहिताना गडबड होते ती सांभाळून घ्या. आमच्याकडे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते हे इथे बऱ्याच लोकांना माहीत नसतं, म्हणून सांगून ठेवतो.

डेकवरून साहेब विचारतात मॉरिशसचा हक्क कसला. दीडशे वर्षं आमच्या बेटावरूनच तिथला कारभार चालला, जहाज आमच्या बंदरातून जायचं, मॅजिस्ट्रेट इथून जायचा, पाद्री इथून जायचा, तिथलं खोबरेल आमच्याकडे यायचं. आम्ही त्यांना "तेलाची बेटं" म्हणायचो. ती फाईल इंग्रजांनी केली हे बरोबर. पण मग स्वातंत्र्याच्या वेळी त्याच फाईलमधली पानं फाडून स्वतःच्या खिशात घालायचा अधिकार त्यांना कोणी दिला?

आणि ती कशी फाडली ते बघा. सप्टेंबर १९६५, लंडनला लँकेस्टर हाउसमध्ये स्वातंत्र्याची बोलणी चालू आहेत. सर शिवसागर रामगुलाम (आत्ताच्या पंतप्रधानांचे वडील) ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सनला भेटणार. भेटीच्या आधी विल्सनच्या सेक्रेटरीने त्याला जी टिपण लिहून दिली ती नंतर बाहेर आली, त्यात लिहिलंय की उद्देश आहे त्यांना आशेने घाबरवण्याचा. म्हणजे आशा की स्वातंत्र्य मिळेल, आणि भीती की चागोसबद्दल शहाणपणाने वागले नाहीत तर मिळणार नाही. याला तुम्ही संमती म्हणता? माझे आजोबा म्हणायचे, शिवसागरांनी देश घेतला आणि बेटं सोडली, दुसरा कोणी असता तर त्यानेही तेच केलं असतं.

---

जोडपत्र

कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी, कारण अंतराचा मुद्दा इथे पुन्हा पुन्हा येणार असं दिसतंय.

अंतराला आंतरराष्ट्रीय कायद्यात फारशी किंमत नाही. किंमत आहे ती संयुक्त राष्ट्रांच्या १९६० च्या ठराव १५१४ ला. वसाहतीला स्वातंत्र्य देताना तिचा तुकडा तोडून ठेवायचा नाही, असं त्यात आहे. ब्रिटनने नोव्हेंबर १९६५ मध्ये तुकडा तोडला, पुढच्याच महिन्यात आमसभेने ठराव करून "असं करू नका" सांगितलं, ब्रिटनने ऐकलं नाही. मग २०१७ मध्ये आमसभेने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे मत मागितलं आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये तेरा विरुद्ध एक असं मत आलं की मॉरिशसची वसाहतमुक्ती कायदेशीररीत्या पूर्णच झालेली नाही, ब्रिटनने शक्य तितक्या लवकर तिथला कारभार आवरावा. विरोधातलं एक मत अमेरिकन न्यायाधीशांचं. आपले दलवीर भंडारी तेरांत होते. पाठोपाठ मे २०१९ मध्ये आमसभेत ११६ विरुद्ध ६. आणि गंमत बघा डेकवरून, त्या सहांत ब्रिटन-अमेरिकेबरोबर मालदीवही होता, म्हणजे तुम्ही ज्यांना पहिला नंबर देताय त्यांनी ब्रिटनने बाहेर पडावं म्हणणाऱ्या ठरावाच्या विरोधात मत दिलं 🙂

मत सल्लागार स्वरूपाचं होतं, बंधनकारक नाही, हे ब्रिटन शेवटपर्यंत म्हणत राहिलं. पण एकदा एवढं झाल्यावर ठिकठिकाणी कोंडी होत गेली. सागरी कायद्याच्या न्यायाधिकरणाने मॉरिशस-मालदीव सीमेच्या खटल्यात चागोस मॉरिशसचंच धरून चालायला सुरुवात केली, जागतिक टपाल संघटनेने ब्रिटिश तिकिटं बंद केली. करार काही दयाबुद्धीने झालेला नाही.

आता खाजण यांना. तुमचा मुद्दा भावनेने पटतो पण कायद्याने नाही. स्वयंनिर्णयाचा हक्क न्यायालयाने मॉरिशसच्या संपूर्ण जनतेचा मानला आहे, चागोसमधून उठवलेल्यांचा वेगळा असा नाही. त्यामुळे त्यांना वेगळी खुर्ची मिळायलाच हवी होती असं म्हणता येत नाही.

---

खाजण

जोडपत्र, तुम्ही अगदी त्या जागेवर बोट ठेवलंत जिथे मला खुपतंय. १९६५ मध्ये ब्रिटनने काय केलं? संयुक्त राष्ट्रांना सांगितलं की तिथे कायमची वस्तीच नाही, आहेत ते करारावरचे मजूर. पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या दफनभूमीत पुरलेले लोक एका वाक्यात हंगामी मजूर झाले. परराष्ट्र खात्यातल्या एका बड्या साहेबाने लिहून ठेवलंय की आपल्याला काही खडक हवेत, तिथे समुद्रपक्ष्यांशिवाय कोणी स्थानिक नसेल आणि पक्ष्यांची अजून कमिटी झालेली नाही. त्यावर दुसऱ्याने लिहिलं की दुर्दैवाने पक्ष्यांबरोबर काही टारझन आणि मॅन फ्रायडेही आहेत. ही भाषा आहे फायलीतली. आणि साठ वर्षांनी आता कायदा सांगतोय की तुम्ही वेगळे असे कोणी नाही, तुम्ही मॉरिशसच्या जनतेतच आलात. तेव्हाही कागदावर नाहीत, आत्ताही नाहीत. फरक काय पडला?

मोकाकर, तुमच्या आजोबांशी भांडण नाही माझं. पण उठवून आणलेल्यांशी मॉरिशस कसं वागलं तेही सांगा ना. १९७२ मध्ये ब्रिटनने त्यांच्या पुनर्वसनासाठी साडेसहा लाख पौंड मॉरिशस सरकारला दिले. ते लोकांच्या हातात पडायला १९७८ उजाडलं, महागाईने तोपर्यंत त्याचं पाणी झालं होतं. लोक पोर्ट लुईच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांत राहत होते, ज्यांना नारळ आणि मासे यांच्याशिवाय दुसरं काम येत नव्हतं त्यांना गोदीत कोण घेणार.

---

मोकाकर

खरं आहे ते, लपवत नाही. कास्सी, रोश ब्वा या वस्त्यांत त्यांची काय अवस्था होती ते आमच्या घरातल्या मोठ्यांनी बघितलंय, आणि आमचे लोक त्यांना नावं ठेवायचे तेही ऐकलंय. पण साहेब, ज्या घरात चोरी झाली त्या घरातल्या भावाभावांत भांडण आहे म्हणून चोराचा गुन्हा कमी होत नाही. १९८२ मध्ये ब्रिटनने अजून चाळीस लाख पौंड दिले तेव्हा पैसे घेताना त्या लोकांचे अंगठे घेतले, इंग्रजीतल्या फॉर्मवर, की आता परत जायचा हक्क मागणार नाही. वाचता न येणाऱ्या माणसांचे अंगठे. ती अट ब्रिटनची होती.

---

इंदूआत्या

एवढा वेळ नुसती वाचत होते. सगळे ठराव आणि मतं सांगून झाली, माणसांना नेलं कसं ते कोणी सांगणार आहे का?

आधी काय केलं, जहाजं कमी केली. कोणी आजारपणासाठी किंवा नातेवाइकांना भेटायला मॉरिशसला गेलं की परतीचं तिकीट मागायला गेल्यावर सांगायचे, बेट विकलं गेलंय, परत जाता येणार नाही. बायको इकडे, नवरा तिकडे. मग १९७१ मध्ये दिएगो गार्सियावरची कुत्री मारली. घराघरातली पाळलेली, हजाराच्या आसपास म्हणतात. आधी गोळ्या घालून बघितलं, विष घालून बघितलं, शेवटी मांस दाखवून खोबरं वाळवायच्या कोठीत कोंडली आणि गाड्यांचा धूर आत सोडला. माणसं बघत उभी. ज्याला आपल्या कुत्र्याचं असं होताना दिसलं तो दुसऱ्या दिवशी जहाजावर चढायला नाही कसा म्हणेल?

जहाजाचं नाव नॉर्दवेर. एक पेटी आणि चटई, एवढंच न्यायचं. लिझबी एलिसे नावाच्या बाई २०१८ मध्ये हेगच्या कोर्टासमोर व्हिडिओवरून बोलल्या, त्यांना लिहितावाचता येत नाही म्हणून आधी बोलणं रेकॉर्ड केलं होतं. १९७३ ला त्यांना पेरोस बानोस या चागोसमधल्याच बेटांवरून नेलं तेव्हा त्या विशीतल्या होत्या, पोटुशी होत्या, अंधारात जहाजावर चढवलं. मूल वाचलं नाही. एवढं साधं सांगितलं त्यांनी, कोर्टात त्यांच्या आधी आणि नंतर वकील तासन्‌तास बोलले.

आणि डेकवरून, "दीड हजार माणसांच्या भावनांसाठी" म्हणालात ना? त्याच १९८२ मध्ये, ज्या वर्षी हे चाळीस लाख ठरले, ब्रिटनने फॉकलंडच्या अठराशे माणसांसाठी अख्खं आरमार दक्षिण अटलांटिकला पाठवलं. लोकांची इच्छा सर्वोच्च म्हणून. २०१३ ला तिथे मतदान घेतलं, फक्त तीन जण विरोधात. म्हणजे दीड-दोन हजार माणसांची इच्छा मोजता येते, मोजायची असली तर. रंग बघून मोजतात एवढंच.

---

डेकवरून

आत्या, जे केलं ते राक्षसीच केलं, त्याचं समर्थन मी कुठे केलंय? मी म्हणतोय ते आज काय शक्य आहे त्याबद्दल.

आणि फॉकलंडचं उदाहरण दिलंत तर ते पुढेही न्या ना. त्या लोकांना विचारलं तर ते काय म्हणतील असं तुम्हाला वाटतं? गॅटविक विमानतळाशेजारी क्रॉली नावाचं गाव आहे, तिथे हजारो चागोसी राहतात, २००२ नंतर ब्रिटिश पासपोर्ट मिळाल्यावर गेलेले. त्यातल्या बऱ्याच जणांना मॉरिशसच नको आहे. करारावर सही व्हायची त्या दिवशी पहाटे दिएगो गार्सियावर जन्मलेल्या दोन बायकांनी लंडनच्या कोर्टातून स्थगिती आणली होती, दुपारपर्यंत ती उठली आणि सही झाली. त्या बायका कोणाच्या विरोधात कोर्टात गेल्या? बेट मॉरिशसला देऊ नका म्हणून. तर जोडपत्र ज्यांना मॉरिशसच्या जनतेत धरतायत त्यातले कित्येक म्हणतायत आम्हाला त्यात धरू नका. आणि मोकाकरांच्या देशात ऑलिव्हिए बँकूल्ट आहेत, ज्यांनी २००० साली ब्रिटनला हायकोर्टात हरवलं, ते कराराच्या बाजूने आहेत. म्हणजे "चागोसींचं मत" अशी एक वस्तू अस्तित्वातच नाही. मग खाजण, टेबलावर खुर्ची ठेवायची तर कोणाची?

---

प्रवाळ

मला सगळ्यांपेक्षा वेगळं म्हणायचंय आणि शिव्या पडतील हे माहीत आहे. माणसं परत जाऊच नयेत. त्या पाण्यात जगातल्या उरल्यासुरल्या धडधाकट प्रवाळांपैकी प्रवाळ आहे, २०१५-१६ च्या उष्ण लाटेत तेही पांढरं पडलं पण माणसाचा हात नव्हता म्हणून सावरायला वाव मिळाला. शार्क आहेत, नारळखेकडे आहेत, लाल पायांचे बूबी पक्षी हजारोंनी आहेत. २०१० मध्ये तिथे साडेसहा लाख चौरस किलोमीटरच्या आसपास सागरी संरक्षित क्षेत्र केलं ते जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी होतं. वस्ती आली की जेटी आली, मासेमारी आली, सांडपाणी आलं, मग रिसॉर्ट आलं. मालदीवचं काय झालंय ते बघतोच आहोत. शिवाय बेटं समुद्रसपाटीपासून एखाद-दोन मीटर वर, अजून पन्नास वर्षांनी राहण्यालायक तरी राहतील का?

---

खाजण

प्रवाळ, शिव्या नाही देणार पण एवढं सांगा, तो संरक्षित क्षेत्राचा निर्णय कशासाठी झाला होता? विकिलीक्समध्ये अमेरिकन वकिलातीची २००९ ची तार बाहेर आली, त्यात ब्रिटिश अधिकारी सांगतोय की एकदा सागरी राखीव क्षेत्र केलं की जुन्या रहिवाशांना परत यायचा दावा करणं अवघड जाईल. २०१५ ला लवादाने तो निर्णय बेकायदेशीर ठरवला, मॉरिशसला विश्वासात घेतलं नव्हतं म्हणून. प्रवाळाचं रक्षण व्हावं यात वाद नाही, पण इथे प्रवाळ पुढे करून माणसं मागे ठेवली.

आणि राहण्यालायक नाही हे तर बोलूच नका. दिएगो गार्सियावर आज हजारोंनी माणसं राहतात, सैनिक, ठेकेदार, फिलिपाइन्समधून आणलेले कामगार, मॉरिशसमधलेही. त्या तळासाठी खाडी खणून काढली, प्रवाळ फोडून धावपट्टीला भराव घातला, साडेतीन किलोमीटरची पट्टी आहे ती. तिथे बोलिंगची जागा आहे म्हणे. फिलिपिनो माणूस राहू शकतो, अमेरिकन राहू शकतो, श्रीलंकेतले तमिळ निर्वासित होडी बिघडून २०२१ ला तिथे पोचले तर तीन वर्षं तंबूत ठेवता आले, फक्त तिथे जन्मलेला माणूस राहिला तर बेट बुडतं.

---

प्रवाळ

तळ वाईट आहे हे मान्य, म्हणून त्यात वस्तीची भर घालायची का? एका चुकीवर दुसरी. आणि पेरोस बानोस, सालोमन ही बेटं तळापासून दोनशे किलोमीटरवर आहेत, तिथे तळाचा त्रास पोचत नाही म्हणून तर ती टिकली. तुम्ही नेमके तिथेच लोकांना पाठवताय.

---

इंदूआत्या

प्रवाळताई, तिथे नारळाची झाडं कोणी लावली? मूळचं जंगल तोडून बागा मळेवाल्यांनी लावल्या, उंदीर त्यांच्या जहाजांतून आले, पक्ष्यांची अंडी त्या उंदरांनी खाल्ली. आज माणसं नाहीत तरी ते उंदीर आहेतच ना. मग चार झोपड्या होऊन मासे मारले तर नेमकं काय बुडतं? जी माणसं पाच पिढ्या तिथे राहिली त्यांच्या काळात शार्क होतेच.

---

जोडपत्र

थोडा रुळावर. करारात लिहिलंय की दिएगो गार्सिया सोडून बाकीच्या बेटांवर मॉरिशसला पुनर्वसन राबवायची मोकळीक आहे. "मोकळीक" बरं का, बंधन नाही. चागोसींसाठी चार कोटी पौंडांचा ट्रस्ट आहे, तो चालवणार मॉरिशस. २०१५ मध्ये ब्रिटनने केपीएमजी या सल्लागार कंपनीकडून वस्ती शक्य आहे का याचा अभ्यास करून घेतला होता, कायद्याची मूलभूत अडचण नाही असं त्यात आलं, तरी २०१६ मध्ये खर्च आणि संरक्षण सांगून नाही म्हणाले. आता तोच खर्च मॉरिशसला दिसणार. पेरोस बानोसला ना धावपट्टी ना धड धक्का. पडक्या चर्चच्या भिंती, विहिरी आणि नारळाचं रान. मॉरिशसने फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथे स्वतःचा झेंडा लावला, सोबत पाच चागोसी नेले होते, ते उतरले, रान साफ केलं आणि त्याच बोटीने परतले.

---

नाना फडतूस

एक शंका. आमच्या ऑफिसातल्या अर्ध्या टूल्सच्या पत्त्याच्या शेवटी डॉट आयओ असतं. ते याच बेटांचं ना? ब्रिटिश इंडियन ओशन टेरिटरी. वसाहत गेली तर ते पण जाणार का?

---

जोडपत्र

हो, याच बेटांचं, १९९७ पासून. आणि त्यातून जे पैसे झाले त्यातला एक पैसा चागोसींना गेला नाही हीसुद्धा त्यांची जुनी तक्रार आहे. देशाचा कोड गेला तर डोमेनही यथावकाश गुंडाळायचं असा नियम आहे, पण तुमची टूल्स उद्या बंद पडणार नाहीत, झोपा निवांत.

---

मोकाकर

पुनर्वसनाबद्दल सांगतो. आमच्याकडे अगालेगा नावाचं बेट आहे, मुख्य बेटापासून हजारएक किलोमीटर, तीनशेएक माणसांची वस्ती. भारताने तिथे तीन किलोमीटरची धावपट्टी आणि जेटी बांधून दिली, फेब्रुवारी २०२४ ला उद्घाटन झालं. तर दूरच्या बेटावर बांधकाम होत नाही असं नाही. आणि सप्टेंबर २०२५ च्या भेटीत भारताने जे पॅकेज दिलं त्यात चागोसच्या सागरी क्षेत्राच्या विकासाला आणि टेहळणीला मदत आहे. म्हणजे जहाजं जाणार आहेत.

---

डेकवरून

टेहळणीसाठी जाणार आहेत मोकाकर. तुम्ही स्वतःच ते वाक्य लिहिलंत. अगालेगाची धावपट्टी तीनशे माणसांसाठी तीन किलोमीटर बांधलीय असं तुम्हाला वाटत असेल तर मी काय बोलणार. तिथल्या लोकांनाही धाकधूक आहेच की उद्या आमचंही दिएगो गार्सिया होणार का म्हणून. मी हे टीका म्हणून म्हणत नाहीये, भारताने ते करायलाच हवं होतं. पण मग आपण खाजणांच्या धाग्यावर चागोसींसाठी अश्रू ढाळताना हे पण लक्षात ठेवू की त्या महासागरात बेट म्हटलं की सगळ्यांना आधी धावपट्टीच दिसते, आपल्यालाही.

१७८६ ला ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईहून माणसं पाठवून दिएगो गार्सियावर ठाणं वसवायचा प्रयत्न केला होता, काही महिन्यांत गाशा गुंडाळला. त्या मोहिमेत सर्व्हे करणारा आर्चिबाल्ड ब्लेअर म्हणजे ज्याच्या नावाने पोर्ट ब्लेअर झालं तोच. तेव्हाही जहाजांची सोय बघायलाच गेले होते.

---

खाजण

डेकवरून, भारताबद्दल तुम्ही म्हणता ते मान्य आहे आणि म्हणूनच अभिनंदनाचे मेसेज बघून मला गुदगुल्या होत नाहीत. पण तुमचा खुर्ची कोणाची हा प्रश्न मी सोडलेला नाही. मतं दोन आहेत, तीन आहेत, म्हणून विचारायचंच नाही हे कुठलं गणित? क्रॉलीवाल्यांना ब्रिटन हवंय, बँकूल्टना मॉरिशस चालतंय, सेशेल्समध्ये राहिलेल्यांना अजून तिसरंच काही हवं असेल. मतदान त्यासाठीच असतं. सगळ्यांचं एकमत असतं तर मतपेटीची गरजच काय होती.

---

डेकवरून

आणि निकाल "मॉरिशस नको" असा लागला तर? मोकाकरांना तुम्ही सांगणार का, की बेटं विसरा?

---

खाजण

हो. सांगणार.

---

मोकाकर

मग आम्ही विचारणार की १९६५ मध्ये तोडलेला तुकडा ज्याने तोडला त्याच्याकडेच मतदानाने परत जातो, हा कुठला न्याय. आधी लोकांना पासपोर्ट द्यायचा, स्वतःच्या देशात ठेवून घ्यायचं आणि मग मत विचारायचं. माफ करा पण हे मला पटणार नाही, आणि पोर्ट लुईमध्ये कोणालाच पटणार नाही.

---

जोडपत्र

त्याच्या आधीचा प्रश्न, मतदार यादी कशी करणार? जन्म तिथला हवा म्हणाल तर सगळे पन्नाशीच्या पुढचे, दर वर्षी कमी होतायत. वंशज धरले तर तीन देशांत पसरलेले हजारो, त्यातल्या बहुतेकांनी बेट कधी बघितलेलं नाही. आणि त्या अंगठ्यांच्या फॉर्मवर जी नावं आहेत तीच यादी पायाभूत धरा म्हणून कोणीतरी सुचवेल बघा, कारण सगळ्यांची नावं एका जागी असलेली सरकारी यादी शोधायला गेलं की तिथेच पोचावं लागतं.

---

इंदूआत्या

आधी जन्मलेल्यांना विचारा हो. वंशजांचं नंतर बघू, त्यांच्याकडे वेळ आहे.